इनासकाकांच्या कोऱ्या सुऱ्या

इनासकाकांच्या खोलीत पंचवीस-तीस सुऱ्या होत्या आणि कांदा चिरायला एकसुद्धा नव्हती.

खोटं नाही सांगत. माणूस कांदा बुक्कीनं फोडायचा, बटाटा उकडून हातानं कुस्करायचा, पाव तोडून खायचा. टोमॅटो आणला की मात्र ताटलीत घेऊन आमच्या दारात उभा. "चिरून देशील काय गो?" मी एकदा धीर करून म्हणलं, "काका, तुमच्याकडं एवढ्या सुऱ्या, त्यातली एक घ्या की." तर असं बघितलं माझ्याकडं, जसं मी त्यांच्या आईला धुणं धुवायला लावलं. म्हणाले, "राणी टोमॅटो चिरते काय?"

आता आम्ही गावाकडं परत आलोय. इथं विळीवर कांदा चिरताना डोळ्याला पाणी येतं, त्यात थोडं कांद्याचं असतं आणि थोडं आखातातल्या दोहाचं. इनासकाका अजून तिकडंच आहेत का वसईला गेले, मला ठाऊक नाही. माझं शिक्षण सातवी. लिहायची सवय नाही, मांडीवर धाकटा आहे, तो मधेच पेन ओढतो. पण आठवलंय तवर सांगते.

मी दोहाला गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळ्याची भीती वाटायची. विमान वर गेलं तेव्हा भ्याले, खाली आलं तेव्हा जास्त भ्याले. खिडकीतला एसी घरघरला की भ्याले, टेलिफोन वाजला की भ्याले, आणि तो तर आमचा नव्हताच, शेजारच्या दुकानातला होता. आमचे हे कंपनीच्या साहेबाची गाडी चालवायचे म्हणून त्यांना बायको आणायला मिळाली, नाहीतर आमच्याकडची सगळी माणसं तिकडं एकेकटीच. अल नस्र नावाच्या भागात एका अरबाचं जुनं घर होतं, मधे अंगण, भोवतीनं खोल्या, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. केरळची नर्स आणि तिचा नवरा, एक गोव्याचं जोडपं, आम्ही, आणि समोर इनासकाका.

आल्या दिवशी संध्याकाळी मी बादली घेऊन अंगणात कपडे वाळत घालायला गेले. समोरचं दार उघडं. आत ट्यूबलाइटखाली एक टकला माणूस, अंगात बनियन, हातात पांढरेशुभ्र हातमोजे, आणि त्या हातमोज्यात सुरी. सुरी म्हणजे कशी, माझ्या कोपरापासून बोटापर्यंत लांब. आणि पातं एक नाही. मोरानं पिसारा काढावा तशी चहूबाजूनं पातीच पाती, मधूनच एक कात्री पण बाहेर आलेली. माणूस तिच्याकडं बघून हसत होता.

बादली तिथंच. मी आत, कडी वर, ट्रंक दाराला आणि ट्रंकेवर मी. हे ड्यूटीवरून आले तर मी दार उघडेना. बाहेरून म्हणाले, "अगं मी आहे." मी म्हणलं, "कशावरून?" शेवटी यांनी माझ्या माहेरच्या म्हशीचं नाव सांगितलं तेव्हा उघडलं.

सगळं ऐकून हे इतके हसले की खाली बसले. "अगं तो इनास. वसईचा. हॉस्पिटलात एक्सरे काढतो. मुंगी मेली तर तिलासुद्धा प्लास्टर घालंल तो."

"मग सुऱ्या?"

"त्या अमेरिकेच्या हायत," हे म्हणाले, आणि जेवायला बसले. जसं काय एवढ्यानं मला समजलं.

समजायला लय दिवस लागले, तेही टोमॅटोमुळं. टोमॅटो चिरून द्यायला मी दार किलकिलं करायचे, मग अर्धं उघडायला लागले, मग त्यांच्या उंबऱ्यापर्यंत जायला लागले. उंबऱ्याच्या आत नाही. आत जायचं तर आधी हात धुवायचे, पुसायचे, आणि मागं बांधायचे. "बघायचं. लावायचं नाय." हे त्यांचं वाक्य. दिवसातनं दहा वेळा यायचं. घरमालकाला सुद्धा हेच, "सी, सी, नो टच." का तर माणसाच्या बोटात मीठ असतंय, एक बोट लागलं की आठ दिवसांत गंज.

त्यांनी मला सांगितलं की शंभर वर्षांमागं अमेरिकेत सुऱ्या करणारे मोठे मोठे कारखाने होते, आणि जत्रेसारखी मोठी प्रदर्शनं भरायची. तिथं मांडायला ते लोक अशी एखादीच सुरी बनवायचे. आपल्या कारागिराचा हात किती बारीक चालतो ते दाखवायला. नाहीतर दुकानाच्या काचेत ठेवायला, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबला पाहिजे. मुठी शिंपल्याच्या, सांबरशिंगाच्या, कासवाच्या पाठीच्या. पात्यावर कोरलेलं, कुठं गरुड, कुठं जहाज, कुठं पूल.

"मग कापायचे कशानं?" मी विचारलं.

"दुसऱ्या सुरीनं."

"आणि हिचं काय?"

"हिनं नुसतं दिसायचं गो. तुमच्यात नाय काय, एखादी सून असते, नुसती हळदीकुंकवाला मिरवायची?"

आहे म्हणलं. आमच्या थोरल्या जाऊबाई.

ही आवड त्यांना लागली कशी, ते हे सांगायचे. तेलाच्या रिगवरचा एक लांबडा अमेरिकन मनगट मोडून एक्सरेला आला. इनासकाकांनी त्याचा हात इतक्या हळू उचलून ठेवला की तो म्हणाला, मी देश सोडून चाललोय, घरातलं सगळं विकायला काढलंय, तू ये, तुला स्वस्तात देतो. काकांना फ्रीज पाहिजे होता. यांनी कंपनीची पिकअप काढली, दोर घेतला, दोघं गेले. तिथं लोक सोफे उचलतायत, पंखे उचलतायत, पोरांच्या सायकली उचलतायत. आणि हा माणूस व्हरांड्यात एक लाकडी पेटी मांडीवर घेऊन बसलेला, आत मखमल, मखमलीवर सुरी. अमेरिकनाच्या आज्याचं दुकान होतं, त्या दुकानाच्या काचेतली.

हे म्हणाले, "इनास, फ्रीज."

काका म्हणाले, "खलास. फ्रीज खलास."

"अरे समोर आहे की!"

"माझ्यासाठी खलास."

दोर तसाच परत आला. त्या उन्हात पुढं कित्येक वर्षं माणूस माठातलं पाणी प्यायला. आणि तो अमेरिकन दुसऱ्या अमेरिकनाला सांगून गेला, दुसरा तिसऱ्याला, कुणी सुट्टीवर गेला की काकांसाठी काहीतरी बघून यायचा. पार्सल आलं की काका अंगणात नाचायचे नाहीत, उलट एकदम गप्प व्हायचे, लग्नातल्या नवरदेवासारखे.

खोलीत एसी होता पण तो काकांसाठी नव्हता. एसीचं तोंड कपाटाकडं. ऑगस्टात तिकडं हवेतच पाणी असतं, भिंतीला घाम येतो, तेव्हा कपाट गारेगार आणि काका बाहेर अंगणात बाजेवर, टॉवेलनं वारा घेत. खोलीत चूल नाही, वाफेनं गंज येतो म्हणून. भर दुपारी अंगणात स्टोव्ह पेटवून मासे तळायचे. डोक्यावर ओला नॅपकिन, पायाखाली ओलं पोतं. केरळची नर्स म्हणायची, "अंकल, यू विल डाय." काका म्हणायचे, "इन्शाल्ला, बट नो रस्ट."

आणि एकदा तर कमालच. संध्याकाळी मोठं पाकीट घेऊन आमच्याकडं आले, आतनं एक्सरेची काळी फिल्म काढली, ट्यूबलाइटसमोर धरली. तोंड एवढंसं. मला वाटलं गेलं कुणाचं तरी. मी तोंडावर पदर घेतला. म्हणलं, "कुणाचं हाड मोडलं हो काका?"

"हाड नाय गो. स्प्रिंग बघतोय." बोट लावून दाखवलं. "ही बघ, ही पाठीची. मला डाऊट होता, फ्रॅक्चर आहे काय. नाय. देवाची कृपा."

माणसांच्या रांगेत सुरीला झोपवून एक्सरे काढून आणला होता. हे म्हणाले, "इनास, हिला विचारलंस का, पोटुशी आहे काय म्हणून?" काका रागावले नाहीत. उलट म्हणाले, "नाय, ह्या सगळ्या कुमारिका."

त्या वेळी पोटुशी मी होते.

 माझं पहिलं बाळ गावाला झालं होतं. पाचवीचा दिवस यायच्या आत गेलं. कशानं गेलं ते कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. म्हणून या खेपेला मला दिवस गेले तशी माझी झोपच गेली. दोहात मोठं हॉस्पिटल, पांढऱ्या चादरी, सगळं नीट झालं, मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी घरी आणली. तिथली नर्स म्हणाली, बेबी फस्क्लास. पण मला फस्क्लास वाटेना. ती झोपली की मी नाकापुढं बोट धरायची, जागी असली की का जागी आहे म्हणून रडायची.

सासूबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्या कॅसेट भरून पाठवायच्या. गावचा कोणतरी येताना घेऊन यायचा. या खेपेची आधीच आली होती, वर यांनी लिहिलं होतं, बाळंत झाल्यावर ऐकणे. मी टेप लावला. आधी कोंबडं आरवलं, मग सासूबाई.

"आगं पोरी, ध्यान दिऊन ऐक. पयलं गेलंय, म्हनून ह्ये मागून घ्याचं. पाचवीच्या पूजंला पातं लागतं लोखंडाचं. इकत आनू नगंस. इकत आनलं की सटवाईची नजर बसती. शेजारनं मागून आन. आन उष्टं पातं नगं. ज्यानं कदी काय कापलं न्हाई असं पातं. आन ज्येचं पातं त्येच्याच मांडीवर पोर घालायचं, पदर पसरायचा, आन त्येच्याकडनंच मागून घ्याचं. त्यो दिल म्हंजी पोर त्येचं, तुजं न्हवं. मग सटवाईला काय घावत न्हाई. कळलं का? बरं, तिकडं कोंबडी मिळती का?"

मी टेप बंद केला आणि डोकं धरून बसले. मागून आणायचं, आणि कधी काही कापलेलं नको. गावात ठीक, लोहाराच्या घरी जाऊन कोरा कोयता मागता येतो. दोहात कुठं? नर्सच्या सुरीनं रोज मासळी. गोवेकरणीच्या सुरीनं विचारूच नका. सगळ्या दोहात कधी काही न कापलेली, मागून मिळण्यासारखी सुरी एकाच घरात. आणि तिथं तर, बघायचं, लावायचं नाय.

पाचवीचा दिवस उजाडला. हे साहेबाला घेऊन लांब दुखान गावाला गेलेले, संध्याकाळी येणार. शुक्रवारची तिकडं सुट्टी म्हणून काका घरी. मी बाळ नर्सपाशी दिलं, हात धुतले, पुसले, मागं बांधले आणि त्यांच्या उंबऱ्यात उभी राहिले.  मग एकदम बोलतच सुटले, सासूबाई, सटवाई, उष्टं, कोरं, पहिलं बाळ, सगळं एका दमात. शेवटी म्हणलं, "एक द्या. बारकी द्या. बाराव्या दिवशी परत देते."

काकांनी हातमोजे नीट ओढून घेतले.

"पूजा म्हणजे काय करतात?"

"हळदकुंकू लावतात."

"कशाला? पात्याला?"

"पात्याला, मुठीला, सगळ्याला."

"हळद!" काका उठून उभेच राहिले. "हळद गो? ती शिंपल्यात शिरली की जन्मात निघत नाय! बाय, मीठ माग, साखर माग, माझा माठ ने, पलंग ने. सुरी नको मागू. मी नाय देऊ शकत." आणि दार लावून घेतलं. मला बाहेर ठेवून.

मी आत आले. बाळाला घेतलं. रडले नाही, रडायची पण भीती वाटली, पाचवीच्या दिवशी रडू नये म्हणतात. नुसती दाराकडं बघत बसले. मनात म्हणलं, गाळणीचा दांडा ठेवीन, यांचा पाना ठेवीन, काय व्हायचं ते होईल. पण मला ठाऊक होतं काय व्हायचं ते. एकदा झालेलं होतं.

दुपारची नमाजाची बांग झाली तशी दारावर टकटक. काका. हातात बारकी सुरी, सांबरशिंगाची. "ही घे." मी हात पुढं केला. तेवढ्यात त्यांनी परत मागं घेतली. "नाय. थांब." गेले. मी तशीच दारात. परत आले, दुसरी आणली. "ही." डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग लावलेलं. दारातच पातं फिरवून बघितलं, मान हलवली. "ही पण नाय." गेले.

मला काय चाललंय समजेना. हळूच उंबऱ्यापर्यंत गेले. आत बघितलं तर सगळं कपाट पलंगावर. सगळ्या सुऱ्या पिसारे काढून पडलेल्या आणि काका गुडघ्यावर बसून एकेक भिंगाखाली घेतायत, घाम असा गळतोय, आणि स्वतःशीच बोलतायत. "हिला कुणीतरी धार लावलीय एकदा. हिच्यावर दोरीचा ओरखडा. हिनं काहीतरी कापलंय, सफरचंद असेल, पण कापलंय. ही पण उष्टी."

"काका," मी म्हणलं, "कुठलीही चालंल. मला काय कळतंय त्यातलं."

"तुला नाय कळणार गो." भिंगातला डोळा माझ्याकडं वळला, हा एवढा मोठा. "पण तिला कळेल ना. ती येणार, बघणार, कॅथलिकानं उष्टं पातं खपवलं. पोर तुझं जाणार."

मी म्हणलं, "तुमचा विश्वास आहे सटवाईवर?"

"नाय. पण पोरावर आहे."

शेवटी एकच उरली. ती पहिली. अमेरिकनाच्या आज्याच्या दुकानातली, फ्रीजच्या बदल्यातली. शिंपल्याची मूठ, दुधावरच्या सायीसारखी पांढरी. बाकी सगळ्यांना राण्या म्हणायचे, हिला काही म्हणत नव्हते, हिच्याबद्दल बोलतच नव्हते फारसं. पेटीसकट ती त्यांनी माझ्या पुढं केली आणि तोंड भिंतीकडं केलं.

संध्याकाळी हे आले. नर्सनं नारळ दिला, गोवेकरणीनं तांदूळ. पाटा नव्हता म्हणून मिक्सरचं भांडं मांडलं, वरवंट्याच्या जागी खलातला बत्ता. लाकडी पाटावर ती सुरी ठेवली, पिसारा काढून, म्हणजे आमच्या पाचवीला मोरच बसल्यासारखा दिसला. कोऱ्या पात्यावर गरुड कोरलेला. आमच्या सटवाईनं एवढी थाटाची पूजा आमच्या अख्ख्या तालुक्यात बघितली नसंल.

मी हळदीत बोट बुडवलं आणि थांबले. काका कोपऱ्यात स्टुलावर बसलेले. धुतलेला शर्ट, भांग नाही कारण केस नाहीत, पण पाणी लावलेलं टकलाला. मी म्हणलं, "नुसती पात्याला लावते. मुठीला नको."

"सगळीकडे लाव गो," काका म्हणाले. "अर्धी पूजा कशाला?" आणि डोळे गच्च मिटले. मी लावली. पांढऱ्या शिंपल्यावर हळद पसरली. हे काकांकडं बघत होते, मी सुरीकडं. काकांनी विचारलं, "झालं?" मी झालं म्हणलं. तरी जरा वेळानंच डोळे उघडले.

मग मी बाळ उचललं. दुपट्यात गुंडाळलेलं, गाठोड्यासारखं. ती पोरगी आता माझ्या शेजारी बसून पाटीवर रेघोट्या ओढतीय आणि मला विचारतीय की आई तू काय लिहितीस एवढं. तेव्हा ती एका वितीपेक्षा जरा मोठी होती. मी काकांपुढं गेले. म्हणलं, "मांडी घाला, काका."

"मी?"

"ज्याचं पातं त्याच्याच मांडीवर. असं सांगितलंय."

यांनी सतरंजी अंथरली. काका स्टुलावरनं खाली बसले, मांडी घातली, पाठ ताठ, जसं कुणी फोटो काढतंय. मी बाळ ठेवलं. त्यांचे दोन्ही हात हवेतच राहिले. दिवसभर मोडलेले हात-पाय अलगद उचलणारा माणूस, त्याला हात कुठं लावायचा तेच समजेना. मग बाळानं तोंड वाकडं केलं तसे हात आपोआप खाली गेले. एक डोक्याखाली, एक पायाखाली.

मी पदर पसरला. "द्या काका, पोर द्या मला."

काका बाळाकडंच बघत राहिले.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत म्हणलं, "द्या काका."

"थांब गो जरा," इतकं हळू म्हणाले. "बारा भाचरं झाली माझी. दरवेळी मी इथं. सुट्टीवर जायचो तवर ती चालायला लागलेली, मला बघून पळायची. एवढं एवढंसं कुणी दिलंच नाय मला कधी धरायला."

यांनी घसा खाकरला, काहीतरी बोलणार होते. मी डोळ्यानंच गप्प केलं. बाळानं काकांच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं होतं आणि काका श्वाससुद्धा बेतानं घेत होते, बटण हलू नये म्हणून. स्टोव्हवर कुकरची शिट्टी झाली. परत झाली. कुणी उठलं नाही. मी पदर तसाच पसरून त्यांच्यापुढं बसून राहिले, आणि किती दिवसांनी, पहिल्यांदाच, मला घाई नव्हती.